कुसुमचं झाकलेलं ताट

मंगळवार, २ नोव्हेंबर १९५४. दुपारी पावणेएकला पिंपरीच्या औषध कारखान्यातला फिटर सोपानराव शिर्के आणि त्याचा जोडीदार सयाजी मागच्या गल्लीतल्या एका खानावळीत शिरले. कालपर्यंत ती दोघांच्याही पाहण्यात नव्हती. पाटीवर चुन्यानं लिहिलं होतं, 'मेक्सिकन जेवण'.

"राव, आत नुसतं पिठलं निघालं तर चहा तुझ्याकडं," सयाजी म्हणाला.

पिठलं निघालं नाही. चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याच्या पातळ भाकरी आल्या, काळा घेवडा आला, आणि मिरची, तीळ नि कोको वाटून केलेला काळाभोर रस्सा. आधी तिखट, मागून कडवट गोडी. सोपानरावानं तीनदा मागून घेतला.

वाढणारी म्हातारी, छबूबाई, बोलण्यावरून इथलीच. "आमचं मालक आगबोटीवर हुतं. तिकडं मेक्सिकोत चौदा वर्सं ऱ्हायलं. त्यांनी शिकीवलं."

"कुठं असतात आता?"

"येतील जेवायला."

भिंतीलगत सात ताटं वाढून झाकलेली होती. उंबऱ्यापासून तिथवर झेंडूच्या पाकळ्यांचा पट्टा. दिवाळी नुकतीच सरली होती, आणि उशिरा येणाऱ्याचं ताट झाकून ठेवायची रीत घरोघरची. सोपानरावाला वावगं वाटलं नाही.

"चारच्या गाडीनं माझी बायको येतेय," तो म्हणाला. लग्नानंतर आठ महिन्यांनी त्याला खोली मिळाली होती. "गाडीत पाणीसुद्धा घेत नाही ती. तिचंही झाकून ठेवा."

"आणि वाटी पालथी घालायला जागा ठेवा," सयाजी हसला. "हाच सांगतो, वहिनी त्यावर चतकोर भाकरी राखतात. ह्या राजांसाठी!"

छबूबाईचा हात थांबला. "नक्की ठिवू?"

"ठेवा की."

"नाव?"

"कुसुम सोपान शिर्के."

तिनं आठवं ताट मांडलं, झाकलं आणि वर भिंतीवर चुन्यानं नाव लिहिलं. तेव्हा कुठं सयाजीनं बाकीच्या ताटांवर भिंतीवर लिहिलेली नावं वाचली. त्याचा घास हातातच राहिला.

"सोपान, तिसरं बघ. चिमाजी काळोखे."

"कोण?"

"आपल्या पॅकिंगमधला. दसऱ्याला विषमज्वरानं गेला. मी खांदा दिलाय त्याला."

सोपानराव उठला. "बाई, नाव पुसा. ताट नको."

"लिवलेलं पुसता येत न्हाई," छबूबाई हळू म्हणाली. "आज मेलेली मान्सं जेवाया येत्यात, तिकडची रीत. मी इचारलं हुतं, बाबा."

त्यानं स्वतःच्या तळव्यानं भिंत घासली. हाताला चुना लागला. नाव तसंच राहिलं.

चार वाजून सहा मिनिटांनी गाडी चिंचवडला आली. बायकांच्या डब्यातून कुसुमची ट्रंक उतरली. कुसुम उतरली नाही.

"दापोडीपर्यंत माझ्याशी बोलत होती पोर," ट्रंक देणाऱ्या बाई म्हणाल्या. "मग चालत्या गाडीतच उठून दाराकडं गेली. म्हणाली, जेवायला बोलावलंय."

"कोणी?"

"नवऱ्यानं, म्हणाली."

सोपानराव धावत गल्लीत पोचला तेव्हा खानावळीला बाहेरून कुलूप होतं. कडीवर कोळ्याचं जाळं.

पाच वाजून वीस मिनिटांनी त्यानं बोलावून आणलेल्या हवालदारानं कुलूप तोडलं. चूल थंड होती. छबूबाई नव्हती. सात ताटं झाकलेली, न शिवलेली.

आठवं उघडं होतं. कोणीतरी जेवून गेलं होतं.

ताटात एक वाटी पालथी होती. तिच्यावर चतकोर भाकरी.

हवालदारानं ती भाकरी उचलली आणि चटका बसून खाली टाकली.