मंगळवारचा खसाचा वास

गार हवा आधी गेली. वास मागून आला.

चारुलताबाईंचं जपमाळेवरचं बोट थांबलं. खसाचं अत्तर! त्यांच्या यजमानांचं, मधुसूदनरावांचंच. त्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आत्ता एसीच्या जाळीतून ते गाडीत येऊन बसल्यासारखे वाटत होते.

"आनंदराव, तुम्हालाही येतोय ना?"

ड्रायव्हर आनंदरावांनी मान वळवली नाही. पंधरा वर्षं त्यांनी साहेबांची हीच गाडी चालवली होती. "येऊन राह्यला, बाई," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "हा तिसरा मंगळवार हाय."

अमरावती रोडवर मे महिन्याची दुपार नुसती पेटली होती. काच खाली करावी तर बाहेर लूच्या झळा, बंद ठेवावी तर जाळीतून भट्टीचे झोत. चारुलताबाईंचे तळहात घामाने निथळत होते.

साहेबांचे शब्द त्यांना पाठ होते. तीन वर्षांपूर्वी सोनिकानं घर सोडून संघपालशी लग्न केलं, तेव्हा उंबऱ्यात उभं राहून ते म्हणाले होते, "माझी गाडी त्या दारात जाणार नाही." आणि आता खरंच गाडी जात नव्हती. सोनिकाचे दिवस भरत आल्याचं कळलं तेव्हा चारुलताबाईंनी टेकडीच्या गणपतीला नवस केला होता. लेक सुटेपर्यंत दर मंगळवारी देवापुढे ठेवलेला नारळ वाडीला तिच्या हाती नेऊन द्यायचा. पहिला मंगळवार पार पडला. पुढचे दोन मंगळवार अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं होतं.

फोन वाजला. मुलगा, उन्मेष.

"आई, कुठे आहेस? पुन्हा तेच झालं ना? ऐक माझं, परत ये. बाबांना आवडत नाही तर कशाला हट्ट?"

तो फोन ठेवला तोच पुन्हा वाजला. संघपालचा आवाज कापत होता. "आई, सोनिकाचं बीपी फार वाढलं. वाडीच्याच दवाखान्यात आहोत. तीनला ऑपरेशनला नेणार. ती म्हणते, आईचं तोंड पाहिल्याशिवाय आत जाणार नाही. नारळ राहू द्या, तुम्ही या फक्त."

घड्याळात दीड वाजला होता.

जायचं? ह्यांचा राग त्या कोवळ्या जिवावर निघाला तर? "आनंदराव... फिरवा गाडी."

आनंदरावांनी गाडी कडेला घेतली, पण फिरवली नाही. समोर पत्र्याच्या शेडवर पाटी होती. प्रेमिला ऑटो इलेक्ट्रिकल, कार एसी.

"बाई, एक डाव दाखवून तं पाहू. भूत असो का वायर, ही पोरगी खोटं नाही सांगत."

शेडमधून पस्तिशीची बाई बाहेर आली. केस ओढणीत बांधलेले, गळ्यात टेस्ट लॅम्पची वायर माळेसारखी. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली जळके रिले, बोटभर काळ्या डब्या, ओळीनं मांडलेले.

चारुलताबाई उतरल्या. उतरताना डॅशबोर्डचा खण उघडून लाल फडक्यातला नारळ तेवढा हाती घेतला. नवसाचा नारळ मागे टाकून कसं उतरायचं!

प्रेमिलानं सगळं ऐकून घेतलं आणि एसीचं बटण दाबलं. इंजिनात टक्कन आवाज झाला. जाळीतून बर्फासारखी हवा आली.

चारुलताबाईंनी नारळ छातीशी धरला. "बघितलंस? परक्या माणसापुढे गप्प बसले."

"काकू, भूत मले पाहून भेत असन तं चांगलंच हाय. धंदा वाढन माहा." प्रेमिला हसली. मग त्यांचा चेहरा पाहून तिचं हसू मावळलं. तिनं स्टूल पुढे केलं. "बसा. पाणी प्या."

"उपास आहे."

"पाणी तं चालते न? प्या. आन् मले सांगा. वास आधी येते का हवा आधी गरम होते?"

"हवा आधी. वास मागून."

"दर बार?"

"दर वेळी."

"गाडी तापली का एसी बंद पडते काय, आनंदराव काका?"

"नाही वं. मागच्या शनिवारी रामटेकले गेलतो. जाऊन-येऊन तीन तास. गारच गार. वास बी नाही."

"मंग तापण्याचा दोष नाही." प्रेमिलानं बॉनेट उचललं, एकेक रिले हातात धरून पाहिला, पुन्हा बसवला. "इथं सगळं ठीक."

"तुला कळत कसं नाही?" चारुलताबाईंचा आवाज चिरकला. "रामटेकला चालते, भाजीला चालते. त्या दारी जायचं म्हटलं की बंद पडते!"

"काकू, गाडीले पत्ता नाही समजत. गाडीले वायर समजते. आज घरून निघाल्यापासून काय काय केलं, सगळं सांगा. देवाचं नाव घेतलं असन तं तेही."

चारुलताबाईंनी सांगितलं. घरून निघाले. माळ सुरू केली. सीताबर्डीला टेकडीखाली गाडी थांबली. आनंदराव एसी सुरू ठेवून गाडीत बसून राहिले. वर जाऊन नारळ देवापुढे ठेवला, प्रार्थना केली, नारळ घेऊन खाली आले, नारळ खणात ठेवला, निघालो.

"खणात काहून?"

"नवसाचा नारळ पायाशी ठेवत नाहीत. मांडीवर घेतला तर माळ ओढता येत नाही. आणि पुढची सीट ह्यांची. तिथे आम्ही काहीच ठेवत नाही."

"रामटेकले नारळ होता?"

"तिथेच घेतला, तिथेच वाढवला."

"पहिल्या मंगळवारी?"

"तेव्हाही खणातच होता. पण पोचले. तासभर बसले लेकीजवळ. घरी आल्यावर सगळ्यांना सांगितलं, उन्मेषला, सूनबाईला. सोनिका कशी आहे, नारळ कुठून कसा नेला, सगळं."

प्रेमिलानं नारळ हातात घेऊन तोलून पाहिला, परत दिला. मग तिनं टेस्ट लॅम्पला लांब वायर जोडली, एक टोक हवा गार करणाऱ्या कॉम्प्रेसरच्या क्लचला लावलं आणि बल्ब खिडकीतून आत आणून चारुलताबाईंच्या समोर टांगला. "क्लचले करंट जाऊन राह्यला तोवर हा जळन. आता बसा. जसं टेकडीखाली केलं तसंच करा."

"नको गं. मला भीती वाटते."

"मी हाय न बाजूले."

इंजिन सुरू झालं. बल्ब पिवळा जळत होता. हवा गार. चारुलताबाईंनी मागच्या सीटवरून पुढे वाकून नारळ खणात ठेवला आणि झाकण लावलं.

बल्ब विझला.

"गजानना!" त्यांनी डोळे मिटले. आनंदराव दार उघडून बाहेरच पळाले. दोन मिनिटांत जाळीतून गरम झोत आला, आणि त्यासोबत तोच खस, हळूहळू, मानेशी कुणी श्वास सोडावा तसा.

"डोळे उघडा, काकू." प्रेमिलानं खण उघडून नारळ काढला. बल्ब जळला. ठेवला, झाकण दाबलं. विझला. काढला. जळला. "तुमचं भूत नारळाच्या वजनाचं हाय."

तिनं दोन स्क्रू काढून अख्खा खण बाहेर ओढला. मागे मोकळ्या जागेत बोटाएवढं पांढरं बटण बसवलेलं होतं. शेजारी, हवेच्या वाटेत, कापसाचा बोळा. तिनं तो चिमट्यानं धरून पुढे केला. खसाचा वास शेडभर झाला.

"फ्रिजच्या दारात असते न, तसं बटण. दबलं का दिवा बंद. इथून एसीची वायर जाते, ती कापून मधात हे टाकलं. खणात कागदं ठेवले, काही नाही. नारळ ठेवून झाकण लावलं का खणाची पाठ मागे फुगते, बटण दबते, क्लच सुटते. तुम्ही उतरले का नारळ हातात घेता, म्हणून मिस्त्रीपुढं गाडी ठणठणीत."

"आणि वास?"

"गार हवेत दबून राहते. हवा तापली का उठते. म्हणून तं मागून येते."

चारुलताबाईंची नजर आनंदरावांकडे गेली. टेकडीखाली गाडीत एकटे तेच असायचे.

आनंदरावांच्या लक्षात आलं. त्यांचा चेहरा पडला. "बाई... मी? सायेबाचं मीठ खाल्लं मी."

"हे नाहीत, काकू," प्रेमिला म्हणाली. "काकाले बंदच करायचं असतं तं स्टेअरिंगखाली एक बटण लावलं असतं, मन होईन तवा दाबलं असतं. एवढा खटाटोप तोच करते जो दुपारी गाडीत नसते. जे करायचं ते नारळाच्या हातून करून घ्यावं लागते. आन् त्याले तुमच्या नारळाची रीत माहीत पायजे. घरचंच माणूस हाय."

तिनं वायरीवर टॉर्च मारला. "अजून एक. आम्ही वायरले काळी टेप गुंडाळतो. इथं टेप नाही. मेणाचा पांढरा दोरा हाय, दोन-दोन बोटांवर गाठ, एकसारखी. अशी गाठ मी वीस वर्षांत कोन्त्याच गॅरेजात नाही पाहिली."

चारुलताबाई वाकल्या. गाठ पाहिली. दुहेरी वेढा, वरून आडवा फास.

त्यांनी जपाच्या गोमुखीतून माळ बाहेर काढली. दर मण्यामागे तीच गाठ होती. पांढरा, मेणाचा दोरा. दिवाळीत माळ तुटली तेव्हा एकानं ती रात्री बसून ओवून दिली होती. मिहानला विमानांच्या वायरिंगचं काम करणाऱ्यानं. "आमच्या विमानाचा दोरा आहे, आई. जन्मात तुटणार नाही."

तीन मंगळवार त्या ह्याच गाठींवर देवाचा धावा करत होत्या.

"काकू," प्रेमिलानं हळूच विचारलं, "हे कोण ओवून देल्लं?"

उत्तराआधी फोन वाजला. चारुलताबाईंनी तो कानाशी धरला.

"आई, फिरलीस ना मागे?" उन्मेष म्हणाला.

"उन्मेष, खणामागचं बटण सापडलं."



"आई... मी बाबांना शब्द दिला होता गं. शेवटच्या दिवशी. आईला तिकडे जाऊ देणार नाही म्हणून. तुला तोंडावर अडवायची हिंमत नव्हती. तू घाबरून घरी बसशील, एवढंच..."

"घाबरले रे. रोज रात्री घाबरले." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "पण मीही चुकलेच. तुझे बाबा चिडायचे ते समोर उभं राहून चिडायचे. मागून वास सोडणारा माणूस नव्हता तो. हे मला आधीच कळायला हवं होतं."

"आई—"

"तीनला तुझ्या ताईचं ऑपरेशन आहे. ये किंवा नको येऊस. घरी आलास की बोलू."

प्रेमिलानं तोवर कापलेली वायर जोडून घेतली होती. बटण आणि बोळा तिनं कागदात गुंडाळून आनंदरावांच्या हाती दिला. चारुलताबाईंनी पर्स उघडली तशी ती म्हणाली, "परत येता येता द्या. नातू झाला का नात, तेही सांगून जा."

गाडी वाडीकडे लागली. चारुलताबाईंनी नारळ खणात ठेवला. झाकण लावलं. श्वास रोखला.

हवा गारच राहिली. दवाखाना येईपर्यंत त्या पुढे वाकून जाळीसमोर दोन्ही तळवे धरून बसल्या.

सोनिकाला स्ट्रेचरवर घेतलं होतं. संघपाल बाजूला झाला. चारुलताबाईंनी नारळ तिच्या ओंजळीत दिला आणि वरून आपले हात ठेवले.

सोनिकानं डोळे उघडले.

"आई," ती म्हणाली, "एवढ्या उन्हातून आलीस, आणि हात किती गार गं तुझे!"