चिमूटभर जास्त

हरेश्वर मुलगी बघायला आलाच नव्हता. बघायची होती दत्तारामला. हरेश्वर त्याचा मित्र, नुसता सोबतीला आलेला. आणि घाटकोपरच्या त्या चाळीत दाखवायची होती ती शेजारची विमला, वनमाला नव्हे! वनमालाचा नंबर पुढच्या महिन्यात. आईने रत्नागिरीहून एक स्थळ बोलावलं होतं, आणि आईला पसंत ते मुलीला पसंत, असा त्या घरचा शिरस्ता.

तर वैशाखातली दुपार. विमलाने कोकम सरबताचे पेले फिरवले, मागोमाग वनमाला मिठाची वाटी घेऊन. विमलाच्या आईची, पार्वतीकाकूंची रीतच तशी — मीठ पाहुण्याला विचारून त्याच्यासमोरच पेल्यात घालायचं.

“मीठ बेताचं, की जास्त?”

हरेश्वरने मान वर केली. डोळे असे हसरे, की वनमाला वाटीकडेच बघत राहिली.

“तुम्ही घालाल तेवढं.”

“अहो, पण—”

“बरं, जास्त!”

तिने भरपूर टाकलं आणि... फस्सकन् फेस! लालचुटुक सरबत फसफसत त्याच्या पांढऱ्या पँटवर उतरलं, आणि पेल्यात उरलं ते बघता बघता जांभळट-निळं पडलं. काकूंच्या एकाही डब्यावर नाव नसायचं. वाटीत मीठ नव्हतंच, खायचा सोडा होता!

वनमालाने वाटी पदराआड घेतली. विमलाला आधीच नकार येऊन गेलेले. आता हेही स्थळ आपल्या हाताने मोडणार...

“ह्यां काय गो?” दत्तारामची मावशी कृष्णाबाई कडाडली. “सरबत उतू जाता?”

हरेश्वरने शांतपणे पेला तोंडाला लावला आणि गटागटा संपवला. डोळ्यांत पाणी, पण चेहरा झकास.

“सोडा-सरबत आहे, मावशी. हल्ली हीच फॅशन.”

“असां? मगे माका पण दी!”

झालं! वनमालाने मावशीच्या पेल्यात इवलीशी चिमूट टाकली. मावशी प्यायली, खणखणीत ढेकर दिला, आणि “पोट हलकां झालां गो” म्हणत विमलाला तिथल्या तिथे पसंत करून टाकलं.

हरेश्वर गॅलरीतल्या नळावर डाग चोळत होता. वनमाला साबण घेऊन गेली.

“खरं सांगा, चव कशी होती?”

“ह्या साबणासारखी.”

ती खुदकन हसली. “मग प्यायलात कशाला?”

“तुम्ही रडाल असं वाटलं... मी अंधेरीला औषधाच्या कंपनीत आहे, लॅबमध्ये. आंबटात सोडा पडला की फसफसतं, रंग पालटतो. समजायचं, आत काहीतरी घडलंय.”

“आणि मग पुन्हा पहिल्यासारखं?”

“छे! फेस बसतो. पहिल्यासारखं नाही होत.”

बोलत होता सरबताबद्दल, पण बघत होता तिच्याकडे.

पुढे लग्नाचे निरोप घेऊन हरेश्वरच येऊ लागला. दत्तारामला म्हणे वेळ नसायचा! निरोप एका वाक्याचा, गप्पा मात्र दिवेलागणीपर्यंत. आई आत तांदूळ निवडत बसायची, कान गॅलरीत. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. वनमाला सुखात होती, गुणगुणत पाणी भरायची. फक्त रत्नागिरीचं नाव निघालं की तोंड कडू व्हायचं.

ते लोक यायच्या आदल्या दिवशी तो आला. एरवी तोंडाची टकळी चालू, आज नुसता गॅलरीचा कठडा नखाने खरवडत उभा.

“उद्या येतायत ना?”

“हो.”

“घर बरं आहे म्हणतात...”

वनमालाचं डोकंच फिरलं. दुसऱ्यासाठी पेलाभर सोडा गिळणाऱ्याला स्वतःसाठी दोन शब्द जड झाले होते!

“मला तू आवडतोस, हरेश्वर. झालं सांगून. आता तू बोल, नाहीतर निरोप दे आणि जा.”

“निरोप नाहीच आहे गं आज,” तो पुटपुटला. “मागच्या वेळीही नव्हता... तुला बघायलाच यायचो. तू नसलीस तर — माझं कसं होणार?”

तिचे डोळे भरून आले. “मग आईला कोण सांगणार?”

“मी!” तो तडक आत शिरला. “काकू, उद्याच्या पाहुण्यांना... नको म्हणून कळवाल का?”

आईने तांदळातून मानही वर केली नाही.

“तार केव्हाच केली. तुझ्या आईला कधी आणतोस, ते बोल.”