आषाढातली फाईल

दार ओढून घ्या रे. लाईट यायला वेळ आहे, आणि तुम्ही गोष्ट मागताच आहात तर एक सांगतो. खालच्या गल्लीतला सागर माहीत आहे ना तुम्हाला? हल्ली घोगरं बोलतो तो? त्याच्यावर गुदरलेली आहे. त्यानेच मला सांगितली, याच ओट्यावर बसून. सांगताना सारखा रस्त्याकडे बघत होता.

गेल्या पाडव्याची आदली रात्र. फाल्गुनातली अमावस्या, वार शनिवार. आपल्या रामनगरात बाजार उशिरापर्यंत चालला होता. साखरेच्या गाठी, कडुलिंबाचे डहाळे, गोव्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न. सागरच्या बायकोने, श्वेताने, गुढीची काठी धुऊन दाराआड उभी केली होती. सागर जेवून उठला, हात पुसत म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम हाय. एवढं संपवून येतो."

काम काय, तेही सांगतो. बेळगावची एक कंपनी रानातले आवाज गोळा करायची. झाडावर एक डबा बांधायचा, वर सोलरची पाटी. डबा रात्रंदिवस ऐकणार आणि रेंज मिळेल तशा आवाजाच्या फाईली बेळगावच्या सर्व्हरवर पाठवणार. धनेश कुठे ओरडला, बिबट्या कुठे फिरला, करवत कुठे चालली. सागरने घरी बसून त्या फाईली रोज सकाळी थोड्या थोड्या ऐकायच्या, नावं नीट करायची, रद्दी काढून टाकायची.

तिथे चित्रं नाहीत, बटणं नाहीत. नुसती काळी खिडकी आणि पांढरी अक्षरं. हुकूम टाईप करायचा आणि उत्तराची वाट बघायची. एल-एस म्हटलं की कप्प्यात काय काय आहे ते दिसतं. सी-डी म्हणजे आतल्या कप्प्यात शिर. गेट म्हटलं की फाईल तुमच्याकडे येते. डिलीट म्हटलं की गेली. कचऱ्याची टोपलीसुद्धा नाही तिथे, गेली ती गेलीच. आणि शेवटी बाय म्हणायचं, की सर्व्हर तुम्हाला निरोप देतो. सागरला हे सगळं तोंडपाठ. बोटं आपली आपण चालायची.

दुपारीच कंपनीच्या प्राजक्ता मॅडमचा बेळगावहून फोन आला होता. "मार्च संपायच्या आत जुने कप्पे रिकामे कर, सागर. मागे नाही ठेवायचं काही."

तो बसला. एकेक कप्पा उघडला, झाडला, बाहेर पडला. बाहेर कुत्री भुंकत होती, श्वेता भांडी लावत होती. शेवटी राहिला गुंद गावच्या रानातल्या डब्याचा कप्पा.

त्यात काही नसायलाच हवं होतं. गुंदचा डबा दसऱ्यालाच उतरवला होता. सागरने स्वतः त्याची बॅटरी काढून तो बेळगावला पाठवला होता. तरी सवयीने आत शिरला आणि एल-एस टाईप केलं.

एक फाईल होती.

फाईलच्या नावातच तारीख असते. ही तारीख आषाढातली होती.

त्याने घाईने डिलीट टाईप केलं. फाईल काढली, असं उत्तर आलं. पुन्हा एल-एस.

फाईल तिथेच होती. मघापेक्षा मोठी.

आता त्याला एवढी भीती का वाटावी, तेही ऐका. गुंदचा डबा झाडावर चढवला तेव्हा सागरबरोबर एक माणूस होता. वासू. गुंदचाच, कुणब्याचा पोर, सागरच्याच वयाचा. सागरला झाडावर चढता येईना म्हणून वासूच दोरी घेऊन वर गेला होता. वरून ओरडून विचारलं होतं, "सागरा, हे खरंच सगळं ऐकतं व्हय रे?" आणि सागरने खालून सांगितलं होतं, "सगळं ऐकतं. तू शिव्या दिल्यास तरी मला घरी कळतील." दोघे खूप हसले होते.

आषाढात वासू अळंबी काढायला रानात गेला तो परतला नाही. पाऊस असा की हाताला हात दिसेना. गावाने दिवसचे दिवस शोधलं. सापडला तो डब्याच्याच झाडाखाली. फांदी मोडून पायावर पडली होती. लगेच मेला नव्हता तो. तीन रात्री जिवंत होता, असं डॉक्टर म्हणाले.

त्याच आठवड्यात सागरने फाईली ऐकल्या नव्हत्या. पावसात काय ऐकायचं, म्हणून आळस केला. वासू सापडल्याची बातमी आली तेव्हा मात्र त्याने एक फाईल उघडली. काही क्षण ऐकली. बंद केली. आणि सगळ्या एकदम उडवायचा हुकूम दिला.

दिवसकार्याला वासूच्या आईने, केशरमावशीने, त्याला पडवीत गाठलं. "तुजा डबा सगळं ऐकतो म्हणालास न्हवं? माज्या वासूचं काय ऐकलं त्यानं?"

सागर म्हणाला, "पावसात कायच ऐकू आलं न्हाई, मावशी."

म्हातारीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. नुसती बघत राहिली.

तर ही ती फाईल. सागरने पुन्हा डिलीट दिलं. पुन्हा काढली, असं उत्तर. पुन्हा एल-एस. पुन्हा तीच. अजून मोठी. बंद डब्याची फाईल वाढत होती, कुणीतरी अजून बोलत असल्यासारखी.

त्याने बाय टाईप केलं.

सर्व्हरने निरोप दिला नाही.

खिडकी तशीच उघडी. रिकामी ओळ. सागरने कीबोर्डवरून हात उचलले, मांडीवर ठेवले. आणि त्या रिकाम्या ओळीवर एकेक अक्षर उमटायला लागलं. सावकाश. नवख्या माणसाने एका बोटाने टाईप करावं तसं.

गेट.

फाईल यायला लागली. त्याच्याकडे.

सागरने स्वतःची समजूत घातली. कुणीतरी पासवर्ड चोरला असेल, थट्टा करत असेल. ऐकल्याशिवाय कळायचं नाही. पण श्वेताच्या कानावर जायला नको होतं, म्हणून त्याने हेडफोन चढवले. मग फाईल सुरू केली.

पाऊस.

नुसता पाऊस. पानांवरचा, दगडांवरचा. बराच वेळ. मग त्याच्या आतून, लांबून...

"कोण हाय का... अरे, कोण हाय का..."

मग जवळून. अगदी डब्याच्या खालून.

"सागरा. मी वासू. डब्याच्या खाली हाय. पाय अडकलाय रे. ऐकतोयस न्हवं? सकाळी ऐकशील न्हवं? ये, सागरा."

पोरांनो, पहिल्यांदाही सागरने हेच ऐकलं होतं. स्वतःचं नाव. वासू रानाला हाक मारत नव्हता. त्याला ठाऊक होतं डबा कुणाकडे बोलतो ते. तीन रात्री तो सागरला बोलावत होता.

आवाज खोल गेला. घोगरा झाला. मग शब्द संपले, नुसता श्वास राहिला. मग श्वासही थांबला. पाऊस थांबला.

फाईल संपली नव्हती.

त्या शांततेत कुणीतरी हेडफोनच्या आतून, अगदी कानाच्या पाळीशी म्हणालं,

"आता तू बोलाव."

सागर हेडफोन काढायला गेला. हात उचलेना. उठायला गेला. उजवा पाय टेबलाखाली अडकला होता. वर काही नव्हतं, तरी अडकला होता. वजन होतं. ओलं, जड, खडबडीत. हाडावर दाबत होतं. हळूहळू.

तो ओरडला. "श्वेता!"

कानात पाऊस पुन्हा सुरू झाला.

"श्वेता! ए श्वेता!"

स्वयंपाकघरातला दिवा मालवला. पावलं वाजली. श्वेता दारात आली. पदराला हात पुसत तिने सरळ त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सागर जिवाच्या आकांताने ओरडत होता. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या.

"अजून झालं न्हाई व्हय?" ती म्हणाली. "मी निजते. सकाळी लवकर उठायचं हाय गुढीला."

आणि गेली.

तो ओरडतच राहिला. बायको दहा हातांवर निजलेली. शेजारच्या घरात पुंडलिक निजलेला, ज्याला मांजर चाललं तरी जाग येते. रस्त्याने ट्रक जात होते, ड्रायव्हर गाणी लावत होते. सागरने प्रत्येकाला हाक मारली. नावं घेऊन मारली. देवाला मारली. आईला मारली, जी कधीच गेली होती.

कुणी आलं नाही.

पाय आधी दुखला. मग बधिर झाला. मग...

मग त्याने हाका मारणं सोडलं. तेव्हा त्याला जाणवलं, कुणीतरी ऐकतंय. पाठीमागे. वाकून. एकही शब्द न बोलता. ऐकतंय, आणि येत नाही.

उजाडताना श्वेताने त्याला हलवलं तेव्हा तो खुर्चीतच होता. डोळे उघडे. पाय मोकळा, पण नडगी काळीनिळी. तो बोलायला गेला तर तोंडातून नुसती हवा आली.

"रात्रभर हाका मारत होतो," त्याने बोटाने टेबलावर अक्षरं काढून सांगितलं.

श्वेता पांढरी पडली. "कुठं वो? मी दारात आले तवा तुमी गप बसून ऐकत होता. मी निजते म्हणाले, तर तुमी मान हलवलीत की."

लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत गुंदचा कप्पा रिकामा होता. खाली सर्व्हरचा निरोप आलेला होता.

त्या पाडव्याला त्यांच्या घरी गुढी उभी राहिली नाही. डॉक्टरांनी घसा तपासून विचारलं, "कुठे भाषण-बिषण केलंस काय? आतून सोलून निघालाय."

आवाज थोडा परत आला तसा सागर गुंदला गेला. लंगडत गेला. केशरमावशी खळ्यात सुपारी वाळत घालत होती. त्याने तिच्यासमोर बसून सगळं सांगितलं. आळस सांगितला, फाईल उघडलेली सांगितली, उडवलेली सांगितली. मग ती रात्रही सांगितली. पाय धरायला वाकला.

म्हातारीने पाय मागे घेतले.

"तू एकच रात्र वरडलास न्हवं?" ती म्हणाली. "माज्या लेकानं तीन काढल्या."

आत गेली आणि दार लावून घेतलं. सागर बराच वेळ त्या दारासमोर उभा होता.

त्याने ते काम सोडलं. लॅपटॉप विकला. आता स्टँडजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात असतो. घरात एकटा बसत नाही.

पुढे वैशाख आला. आठवतंय ना, विहिरी तळाला गेल्या होत्या, जमीन भेगाळली होती? श्वेताच्या भावाला, निखिलला, हेडफोन हवे होते. ते पाडव्यापासून लोखंडी कपाटात, पिशवीत बांधून ठेवलेले. कुणी हात लावला नव्हता. श्वेताने पिशवी सोडली आणि किंचाळली.

हेडफोनच्या उजव्या कानाच्या गादीला जळू चिकटली होती. पावसाळ्यात गुंदच्या रानात असते तशी. जिवंत. बोटाएवढी जाड, रक्ताने टम्म फुगलेली. निखिलने चपलेने ती खाली पाडून ठेचली.

फरशीवर रक्त उडालं... ताजं. लाल.