उत्तरेची सावली

डोळे परत मिळाल्यानंतर चौथ्या महिन्यात केतकी वैरागडेला उत्तर दिशा दिसू लागली.

आधी तिला वाटलं, दुर्बिणीच्या काचेवर वाफ धरली असावी. सकाळची वेळ होती आणि जुन्या रोपवाटिकेच्या बागेत ती बाभळीवरचा एक वटवट्या पक्षी बघत उभी होती. नजरेच्या कडेला आरशावर फुंकर मारल्यासारखी फिकट राखी छटा होती. तिनं काच पुसली, दुर्बीण खाली केली, तरी छटा जाईना. मान वळवली की ती सरकायची आणि बागेच्या मागच्या कुंपणाकडे तोंड केलं की बरोबर समोर यायची. डोळे मिटले की नाहीशी. आठवडाभर केतकीनं हे कुणालाच सांगितलं नाही. सहासष्ट वर्षांच्या बाईनं असलं काही बोललं की लोक डोळ्यांपेक्षा डोक्यावर संशय घेतात.

पण खरा गोंधळ बागेबाहेर होता. शहरात बिनतारी वीज येऊन सहा वर्षं झाली होती. चौकाचौकातले वीजमनोरे घरातल्या पंख्यांना आणि रस्त्यावरच्या गाड्यांना हवेतूनच वीज पुरवत. त्या मनोऱ्यांच्या टापूत शिरलं की राखी छटा तापलेल्या दुधावरच्या सायीसारखी थरथरायची, फाटायची, एकदम चारी बाजूंना दिसायची. ज्या गल्लीत तीस वर्षं काढली त्या गल्लीत केतकी दोनदा रस्ता चुकली. दुसऱ्या वेळी शेजारच्या बाईंनी तिला हाताला धरून घरी आणून सोडलं. मग ती डॉ. मृण्मयी उइकेंकडे गेली.

डोळ्यांचा रोग वैरागड्यांच्या घरातलाच होता. उजेडाच्या माऱ्यानं नेत्रपटलाच्या पेशी हळूहळू मरत जात. केतकीचे वडील पन्नाशीत आंधळे झाले. पुढे केतकीची नजर गेली आणि तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या सानिकाचीही. डॉ. उइकेंनी त्यावर उपाय काढला होता. हिवाळ्यात आपल्याकडे येणाऱ्या लाल छातीच्या माशीमार पक्ष्याच्या डोळ्यात एक प्रथिन असतं. ते उजेड झेलतं आणि पेशीला वाचवतं. त्या प्रथिनाचं जनुक त्यांनी माणसाच्या डोळ्यात बसवलं. अडीच हजार लोकांना त्यामुळे पुन्हा दिसू लागलं होतं. लोक त्याला 'पाखरी डोळा' म्हणत.

केतकीचं सगळं ऐकून घेतल्यावर डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली.

"पक्ष्याच्या डोळ्यात या प्रथिनावर निळा प्रकाश पडला की त्यातले दोन इलेक्ट्रॉन एकमेकांपासून सुटतात," त्या म्हणाल्या. "पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्यांच्यावर अगदी किंचित परिणाम होतो. तेवढ्यावर पक्ष्याला दिशा दिसते. माणसाच्या मेंदूला हे वाचता येणार नाही, असं आम्ही धरून चाललो होतो."

"मग मी काय वाचतेय?"

"तेच वाचताय, ताई."

मनोऱ्यांचं कोडंही त्यांनीच उलगडलं. मनोऱ्यांतून निघणाऱ्या लहरी त्या इलेक्ट्रॉनांना हिसके देतात, त्यामुळे दिशेचं चित्र विस्कटतं. केतकीच्या डोळ्यांपुढे एकदम शहरातल्या बाकीच्या बागा आल्या. दृष्टी गेली होती त्या वर्षांतही ती पक्षी ऐकायला रविवारी बागांमधून फिरायची. मनोरे उभे राहिल्यापासून एकेका बागेतले हिवाळी पाहुणे कमी होत गेले. शेपटी हलवणारे धोबी पक्षी येईनात, निळ्या गळ्याचा शंकर येईना, भोरड्यांचे थवे शहराला वळसा घालून जाऊ लागले. वीज कंपनी म्हणायची, उन्हाळा वाढला, सिमेंट वाढलं, मनोऱ्यांचा काय संबंध? आता चाळीस एकरांची रोपवाटिकेची बाग तेवढी मनोऱ्यावाचून उरली होती, आणि तिथंही मनोरा येणार होता. पक्षीमित्रांच्या मंडळानं लवादाकडे दाद मागितली होती. लवाद म्हणत होता, पुरावा आणा. पक्षी काही साक्षीला येणार नव्हते.

डॉ. उइकेंनी बागेत पांढऱ्या कापडाचा तंबू ठोकला. आत फिरती खुर्ची होती. केतकीला गरगर फिरवून थांबवायचे आणि उत्तर दिशा कुठे ते विचारायचे. चाळीस वेळा फिरवलं, चाळीसही वेळा तिचं बोट बरोबर उत्तरेला गेलं. मग तिला न सांगता तंबूबाहेर ठेवलेला लहानसा चाचणी-मनोरा सुरू केला. केतकीनं बोट उचललं, खाली आणलं, पुन्हा उचललं. आपण बसलोय की पडतोय तेही तिला कळेना. तिनं खुर्चीचे हात गच्च धरले आणि यंत्र बंद करा म्हणाली.

पुरावा मिळाला होता. पण त्याचा अर्थ काय होतो, ते डॉक्टरांनी तिला तंबूतच सांगितलं. ही साक्ष नोंदली गेली की पाखरी डोळा माणसाच्या मेंदूत नवी इंद्रियजाणीव निर्माण करतो, हेही नोंदलं जाणार. नियमाप्रमाणे उपचार थांबणार आणि पुढची तपासणी कितीही वर्षं चालणार. सुनावणी गुढीपाडव्यानंतरच्या सोमवारी होती. सानिकाच्या उपचाराची तारीख त्यानंतर पंधरा दिवसांनी होती. केतकीनं तारीख अलीकडे घेता येईल का विचारलं. रोपणाची पूर्वतयारीच महिन्याभराची असल्यानं ते शक्य नव्हतं.

केतकीनं बहिणीपासून काही लपवलं नाही. सानिका स्वयंपाकघरात मेथी निवडत होती, बोटांनी पान नि देठ वेगळं करत. तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तुला दिसतंय म्हणून तुला पाखरांची काळजी. मला अजून तुझा म्हातारा झालेला चेहरा बघायचाय. मग ती रागावली नाही की रडली नाही, नुसती मेथी निवडत राहिली. केतकीला ते जास्त लागलं.

त्या दिवसांत केतकीला स्वतःचाच थांग लागेना. सकाळी ठरवायची, गप्प बसू. दुपारी वाटायचं, नाही, बोलायलाच हवं. संध्याकाळी तिचे पाय आपोआप बागेकडे वळायचे आणि छटा स्थिर झाली की छातीतली धडधड थांबायची. फाल्गुन संपत आला तशी तिची भूक गेली. अंगात ताप नसून तापासारखी हुरहुर होती. सानिकाच्या विचारानं असं होतंय, अशी तिनं मनाची समजूत घातली.

सोमवारी तिनं साक्ष दिली. लवादापुढे पुन्हा खुर्ची फिरवली गेली, पुन्हा बोट उत्तरेला गेलं. मनोरा रद्द झाला, बाग राहिली. त्याच आठवड्यात उपचार थांबले. सानिका बहिणीशी कामापुरतं बोलू लागली.

नंतर दहाएक दिवसांनी, केतकी सलग दोन दिवस जेवली नाही म्हणून सानिका आपणहून तिचा दंड धरून, दुसऱ्या हातानं काठी टेकत तिच्याबरोबर बागेत आली. ऊन कलत होतं. शेवटच्या भोरड्या वडाच्या शेंड्यावर कलकलाट करून एकदम उठल्या आणि मागच्या कुंपणावरून निघून गेल्या. कलकल विरली तशी सानिका थबकली.

"इथं कोण कोण आहेत?" तिनं विचारलं. "श्वास ऐकू येतायत."

केतकीनं तेव्हा पाहिलं. कुंपणाशी साठ-सत्तर माणसं उभी होती. एकाच्या गळ्यात शिंप्याची टेप होती. एका बाईच्या हातात भाजीची पिशवी होती, तिच्यातला पालक सुकून गेला होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांची तोंडं उत्तरेकडे होती. टेपवाल्या माणसाला तिनं ओळखलं, डॉ. उइकेंच्या दवाखान्यात बाकावर तो तिच्या शेजारी बसायचा. इथं कशाला आलात, असं विचारल्यावर तो ओशाळून हसला. "काय की बाई. घरात करमत नाही."

तिनं डॉ. उइकेंना फोन लावला. डॉक्टरांचा आवाज थकलेला होता. दोन दिवसांत तीनशे घरांतून असेच फोन आले होते. तिघे जण राज्याच्या उत्तर सीमेपलीकडे महामार्गावर चालताना सापडले होते, पायांना फोड आलेले.

"याच कुळातली प्रथिनं शरीराचं घड्याळही चालवतात," डॉक्टर म्हणाल्या. "मी दिशा आणि वेळ वेगळ्या धरल्या. पक्ष्यात त्या वेगळ्या नसाव्यात. चैत्र लागला की त्याला उत्तरेला परतायची ओढ लागते."

केतकीनं विचारलं, "डॉक्टर, साक्ष मीच दिली ना?"

"म्हणजे?"

"पाखरांसाठी दिली, की मला ही जागा हवी होती म्हणून?"

"मला सांगता येत नाही, ताई," डॉ. उइके म्हणाल्या.

सानिकानं हे सगळं ऐकलं होतं. तिचा राग त्या क्षणी कुठे गेला ते तिलाही कळलं नसेल. तिनं बहिणीचा दंड आणखी घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "केतू, घरी चल. मी खिचडी टाकते."

"चल," केतकी म्हणाली. तिला अगदी मनापासून घरी जायचं होतं. ती वळली, बहिणीला सांभाळत निघाली, पुढे दगड आहे, जपून, असंही म्हणाली.

दहा पावलांवर सानिकाची काठी उत्तरेकडच्या कुंपणाच्या तारेला लागली.