लाइट गेल्यावरची पातळी

त्या वर्षी लातूरला पाणी आगगाडीनं येत होतं, आणि ज्याच्या नळाला चुकून पाणी आलं तो शेजाऱ्याला पत्ता लागू देत नव्हता. अशा दिवसांत पंचशीला सोनकांबळेचं मात्र झकास चाललं होतं. पुण्याची नोकरी सोडून ती परत आली तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला होता. आता त्याच नातेवाइकांच्या गावांत तिचे डबे विहिरींवर बसले होते, आणि लग्नकार्यात तिला पुढच्या पंगतीत बसवत होते.

डबा म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हतं. विहिरीच्या तोंडाशी टांगलेला सेन्सर खाली आवाज सोडायचा. तो आपटून परत यायला लागणाऱ्या वेळावरून पाणी किती खोल आहे ते कळायचं. आकडा डब्यातल्या नखाएवढ्या कार्डावर लिहिला जायचा आणि तिथून तहसीलला. विहीर कोरडी, की टँकर मंजूर. पुढाऱ्याला फोन नको, कुणाच्या पाया पडणं नको. देवणीपासून पार धर्माबादपर्यंत डबे लागले होते, आणि बॅटऱ्या चोरीला जातात म्हणून सगळे थेट लाइटवर चालायचे. लाइट गेली की डबा झोपला.

डबे बनवायचा माणिकप्पा. तो उदगीरचा. उदगीर नवा जिल्हा होणार, यावर त्याचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. पंचशीलाच्या प्रोग्रॅममध्ये त्यानं हट्टानं नव्या जिल्ह्याची जागा मोकळी ठेवायला लावली होती. ती हसली की म्हणायचा, ठिवा हसून, उद्या कलेक्टर आमच्यात बसणार हाय.

सगळं सुरळीत असताना हंगरवाडीच्या सरपंच तुळजाबाई बिरादार यांचा फोन आला.

"म्याडम, तुमचं मशीन खोटं बोलून राहिलंय."

देवणी तालुक्यातल्या त्यांच्या गावाचा टँकर तहसीलनं बंद केला होता. डबा म्हणत होता, विहीर निम्मा दिवस काठोकाठ भरलेली असते. तुळजाबाई म्हणत होत्या, विहिरीत भांडं बुडंल एवढं पाणी न्हाई. पंचशीलाला आधी वाटलं, बाई जरा मीठमिरची लावतात. तासाभरात फोटो आला. साठीच्या तुळजाबाई पदर खोचून विहिरीच्या तळाला उभ्या होत्या, कमरेवर हात, पायाखाली फुटलेला गाळ, आणि चेहऱ्यावर 'आता बोल' असा भाव. पंचशीलानं निमूटपणे माघार घेतली.

तहसीलदार भले होते, पण वैतागले होते. सोमवारच्या बैठकीत पावसाळ्यापर्यंतची टँकरची यादी पक्की होणार होती. तोवर डबा सुधारला नाही, तर हंगरवाडी यादीत येणार नव्हती.

पंचशीलानं आकडे उघडले आणि तिला मजाच वाटली. लाइट असताना विहीर कोरडी, अगदी तळापर्यंत. लाइट गेली, की पुढचे आकडे वर चढत जायचे, सेन्सरपासून वीतभर अंतरावर येऊन थांबायचे आणि लाइट येण्याच्या थोडं आधी पुन्हा खाली जायचे. प्रश्न पातळीचा नव्हताच. लाइट नसताना डबा लिहीत होता हाच प्रश्न होता.

पंधरवड्यापूर्वी तिनं सगळ्या डब्यांचं कर्नल बदललं होतं. कर्नल म्हणजे संगणकाचा कारभारी, सगळ्यांत आतला प्रोग्रॅम. त्यात ड्रायव्हर नावाचा एक तुकडा असतो, आणि कार्डावर लिहायचं-वाचायचं काम त्याचं. जुना ड्रायव्हर नीट होता, नव्यात काहीतरी बिघडलं होतं, हे उघड होतं. हे तिनं फोनवर समजावून सांगितल्यावर तुळजाबाई म्हणाल्या, मग ड्रायव्हर बदला की, आमच्या टँकरचा बी मागल्या महिन्यात बदलला.

पंचशीलानं ऑफिसात टेबलावर तस्साच डबा मांडला आणि लिहिता लिहिता प्लग उपटला. शेवटची ओळ अर्धवट. उपटलेल्या प्लगनंतर एक अक्षर नाही. नायगाव आणि धर्माबादच्या डब्यांतही तोच नवा ड्रायव्हर होता, तिथंही काही नाही. आकड्यांचं गळणं तिला ठाऊक होतं. सगळं आयुष्य हरवलेले आकडे शोधण्यात गेलं होतं. जास्तीचे आकडे निघणं तिनं कधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर ते तिला आवडलं नाही.

"डब्यात वीज साठून राहत असंल," माणिकप्पा म्हणाला. मग त्यानंच हिशेब केला. साठून साठून घटकाभर. तीन तीन तास नाही.

तेव्हा दोघं मोटारसायकलवर बसून हंगरवाडीला गेले.

गावानं त्यांची बडदास्त ठेवली. विहिरीजवळच्या निंबाखाली बाजलं टाकलं गेलं, त्यावर लॅपटॉप आणि शेजारी तांब्या झाकून. विहीर जुनी, काळ्या दगडात बांधलेली, दहा परस, म्हणजे दहा पुरुष खोल. तोंडावर लोखंडी जाळी, जाळीखाली सेन्सर, आणि एका बाजूला पोहरा सोडायला मोकळी जागा, वर कप्पी. टँकर चालू होता तेव्हा याच विहिरीत रिकामा करायचा आणि बायका पोहऱ्यानं शेंदून घ्यायच्या, अशी पद्धत. आता मात्र बायका दोन कोसांवरून घागरी आणत होत्या, आणि येता-जाता मॅडमचं कुठवर आलं ते विचारून जात होत्या.

काम सोपं आणि कंटाळवाणं होतं. जुन्या आणि नव्या ड्रायव्हरच्या मध्ये पुष्कळ बारीक बदल झालेले. मधलाच पकडायचा, डब्यात भरायचा, लाइट जायची वाट पाहायची. खोड निघाली तर दोषी आधीच्या अर्ध्यात, नाही निघाली तर पुढच्या अर्ध्यात. पुन्हा त्या अर्ध्याचा मध्य. लाइट जायची वाट पाहत बसणारी त्या गावातली ती पहिलीच माणसं, असं म्हणून तुळजाबाई पोट धरून हसल्या. महावितरणनंही साथ दिली. दिवसातून मागाल तेवढ्या वेळा लाइट जात होती. माणिकप्पा भाकरी आणि ठेच्यावर खूश होता, आणि जमलेल्या मंडळींना नव्या जिल्ह्यात हंगरवाडीला कोणकोणतं ऑफिस मिळेल ते वाटून देत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट गेली, तेव्हा पंचशीला पाय मोकळे करायला उठली. विहिरीपाशी गेली, जाळीवर ओणवी झाली आणि आत पाहिलं. ऊन सरळ तळापर्यंत पोचलं होतं. गाळाच्या भेगा, एक फुटकी घागर, एक चप्पल. सगळं स्वच्छ दिसत होतं. गार वारा मात्र खालून तोंडावर येत होता, आणि अशा उन्हात तो बरा वाटला म्हणून ती जरा वेळ तशीच राहिली.

लाइट आल्यावर तिनं कार्ड वाचलं. खोड होतीच, म्हणजे दोषी आधीच्या अर्ध्यात. ती पुढचा बदल निवडणार तेवढ्यात तिची नजर आकड्यांवर गेली.

आकडे नेहमीसारखे चढत आले होते. मग वीतभर अंतरावर थांबले होते.

त्या वेळेशी तिनं आपली वेळ ताडून पाहिली. त्याच वेळी ती जाळीवर ओणवी होती.

सेन्सर जाळीला टांगलेला. तिचं तोंड जाळीवर. आणि मध्ये वीतभर.

"माणिकप्पा, सेन्सर वरच्या बाजूचं मोजतो का?"

"न्हाई. खालचंच."

तो लगेच पुन्हा जिल्ह्याच्या गप्पांत शिरला. ती मात्र बराच वेळ ओढणीनं तोंड पुसत राहिली. तिला भीती वाटली, आणि भीती वाटली याचा रागही आला. बौद्धवाड्यात वाढलेली, वडिलांनी भुताखेतांच्या गोष्टी उंबऱ्याच्या आत येऊ दिल्या नव्हत्या. तिनं स्वतःला बजावलं की आपण इथं विहीर दुरुस्त करायला आलो नाही, ड्रायव्हर दुरुस्त करायला आलो आहोत.

रविवारी दुपारी दोषी सापडला. कुठल्या तरी परदेशी माणसानं केलेला दोन ओळींचा बदल, आणि खाली त्याचं कारण सभ्यपणे दिलेलं. लिहायचं बाकी असेल तर कुणी थांब म्हटलं तरी थांबू नये. वाचायला शहाणपणाचंच वाटत होतं. पण वीज नसताना सेन्सरनं मोजलं कसं, आणि मोजलं ते काय, याचा उलगडा त्या दोन ओळींत नव्हता. पंचशीलानं त्या काढून टाकल्या, नवं कर्नल डब्यात भरलं आणि बाजल्यावर मांडी घालून बसली.

लाइट गेली. लाइट आली.

कार्डावर जास्तीचं एक अक्षर नव्हतं.

लाइट पुन्हा गेली, पुन्हा आली. कोरं. विहीर कोरडी, सगळे आकडे तळाचे. तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला, आणि माणिकप्पानं तिच्या पाठीत आनंदानं अशी थाप मारली की लॅपटॉप पडता पडता राहिला.

सोमवारी बैठक झाली. हंगरवाडीचं नाव यादीत आलं, रोज एक टँकर, पाऊस पडेपर्यंत. मंगळवारी पहिला टँकर येणार म्हटल्यावर तुळजाबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं, आणि येणार न्हाई म्हणालात तर टँकर तुमच्या दारात रिकामा करीन, असा दम भरला.

टँकर आला तेव्हा सगळं गाव विहिरीभोवती होतं. जाड पाइप विहिरीत सोडला गेला. पाणी तळाला आदळल्याचा आवाज आला आणि बायका खळखळून हसल्या. तळाला गुडघाभर पाणी जमलं. डब्यानं ते बिनचूक टिपलं. रांग लागली. पहिल्या पोहऱ्याला दोर खूप वेळ सरकत राहिला, दहा परस तो, आणि पोहरा वर आला तेव्हा काठोकाठ भरलेला होता. पंचशीलाचे डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत तिच्या प्रोग्रॅममधून पाणी आलेलं तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग लाइट गेली.

डब्यावरचा हिरवा दिवा विझला. पंचशीला सोडून तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तुळजाबाईंची पाळी होती. त्यांनी पोहरा सोडला. कप्पी एकदाच करकरली आणि थांबली.

"टेकला की," त्या म्हणाल्या.

बाकीचा सगळा दोर त्यांच्या पायाशी वेटोळं घालून पडला होता, कोरडा.

पंचशीला पुढं झाली. पोहरा काठाखाली वीतभर अंतरावर, एका अंगाला कलून, स्थिर होता. त्याच्या खाली मोकळी हवा होती. खूप खाली टँकरचं पाणी उन्हात चमकत होतं.

"अडकला असंल," मागून कुणी तरी म्हणालं. अडकायला तिथं काही नव्हतं.

तुळजाबाईंनी दोराला हिसका दिला. दोर सैल पडला. मग खालून, अगदी हळू, तो ताणला गेला.

"आगं, कामून वढून राहिलंय हे?" तुळजाबाई म्हणाल्या. त्या अजून हसत होत्या. मागच्या बाया पुढं सरकल्या, घागरी एकमेकींना लागून वाजल्या, आणि दोराला हात द्यायला आणखी दोघी काठावर आल्या.

पंचशीलानं डब्याकडे पाहिलं. दिवा विझलेलाच होता. यातलं काहीही आता कुठं लिहिलं जात नव्हतं, आणि उद्यापासून रोज टँकर याच विहिरीत रिकामा होणार होता.