दर दोन तासांनी

तपासनीस सकाळी दहाच्या ठोक्याला फाटकापाशी उभा होता. ज्यांना स्वतःच्या पायांनी चालता येत नाही, स्वतःच्या हातांनी जेवता येत नाही, अशा माणसांना कायमचं सांभाळणाऱ्या संस्था तपासायच्या, हे त्याचं काम. अठ्ठावीस वर्षं त्यानं तेच केलं. परवाना वाढवायचा की नाही, ते त्याच्या सहीवर ठरायचं.

त्याची रीत वेगळी होती. कागद तो शेवटी बघायचा. आधी नाकानं वास घ्यायचा, मग पांघरूण वर करून टाचा बघायचा. पडून असलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर टाचेला, माकडहाडाला जखम होते, आणि ती हाडापर्यंत जाते. टाच पाहिली की संस्था कळली. सगळं झालं की एखाद्या रिकाम्या खाटेवर तो स्वतः आडवा व्हायचा, घंटीचं बटण दाबायचा आणि कोण किती वेळात येतं ते घड्याळावर मोजायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

त्या दिवशी मात्र त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात एक कागद होता. तो तिथं असायला नको होता. प्रवेशाचा अर्ज, त्याच्या धाकट्या भावाचा.

धाकट्याचे पाय लहानपणीच गेले होते. हात मात्र लोखंडाचे. तो वेताच्या खुर्च्या विणायचा आणि त्याच हातांवर सरकत घरभर फिरायचा. पण त्याला न्हाणीत नेता आणता तपासनिसाच्या बायकोची कंबर गेली. दोनदा ती स्वतःच अंथरुणाला खिळली.

"मी नाही म्हणत नाही," आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती. "पण मी पडले तर तुम्ही दोघांना उचलणार आहात का?"

"वहिनी, मला माळ्यावर टाका," धाकटा आतून ओरडला. "कुणाची खुर्ची मोडली की तेवढं खाली उतरवा."

तिघंही हसले. पण अर्ज धाकट्यानं स्वतःच भरून ठेवला होता, मोत्यासारख्या अक्षरात. दादानं काय ते ठरवावं, म्हणाला.

जिथं तपासायला जायचं तिथंच भावाचा अर्ज न्यायचा, हे नियमात बसत नव्हतं. इतकी वर्षं नाकासमोर चाललेल्या माणसाला तो कागद खिशात टोचत होता. त्यानं ठरवलं, जागा चांगली निघाली तरच खिशात हात घालायचा.

जागा चांगली निघाली. तिथंच त्याला संशय आला.

लांबच लांब खोली, सोळा खाटा, पंधरा माणसं. वास नाही. चादरी ओढून बसवलेल्या. त्यानं पंधराही जणांच्या टाचा पाहिल्या, पाठी पाहिल्या. एक डाग नाही. चाळीस वर्षांच्या माणसाची पाठ तान्ह्या बाळासारखी. असं त्यानं आजवर कुठं पाहिलं नव्हतं.

"माणसं किती आहेत कामाला?" त्यानं विचारलं.

"मी आणि मामा," सिस्टर म्हणाली. ती पन्नाशीची, कोरड्या आवाजाची बाई होती. मामा म्हणजे वॉर्डातला कामगार, उंच, वाकलेला, सतत दाराकडं बघणारा.

"पंधरा माणसांना दोघं?"

"रात्री एकच."

"मग कूस कोण बदलतं?"

सिस्टरनं भिंतीवरचा तक्ता दाखवला. प्रत्येक खाटेपुढं दर दोन तासांचा एक चौकोन. सगळे कोरे. तपासनिसानं खोट्या सह्यांचे तक्ते शेकड्यांनी पाहिले होते. महिन्याभराच्या सह्या एकाच पेनानं, एकाच बैठकीत ठोकलेल्या. कोरा तक्ता पहिल्यांदाच पाहत होता.

"सह्या कुठायत?"

"जे आम्ही केलं नाही, त्याची सही कशी करायची?"

"मग केलं कुणी?"

मामा बादली उचलून बाहेर गेला.

कुठंतरी पाणी मुरतंय, तपासनीस मनात म्हणाला. खराब झालेली माणसं तपासणीपुरती दुसरीकडं हलवली असणार. त्यानं कोठीची खोली उघडायला लावली, बाराच्या ठोक्याला गच्चीवरची खोली उघडायला लावली. कोठीत चादरी होत्या, गच्चीवर मोडक्या कुबड्या होत्या. पुष्कळ कुबड्या. औषधांचं कपाट त्यानं गोळी न् गोळी मोजून काढलं. झोपेची एकही गोळी कमी नव्हती.

मग तो फायली घेऊन बसला. पहिलं पान, दाखल केल्याचं. काठी घेऊन चालत आला. हातानं जेवतो. दुसरी फाईल. चाकाची खुर्ची स्वतः ढकलतो. तिसरी. उजवा हात चांगला, पत्ते खेळतो. नुकताच आलेला एक जण सोडला तर बाकीच्यांपैकी अकरा जण काही ना काही स्वतः करत आले होते. दीड महिन्यानंतरच्या पानावर त्या सगळ्यांपुढं एकच ओळ होती. 'सर्वस्वी परावलंबी.'

"हे काय आहे?"

"आजार वाढतो, साहेब."

"अकराही जणांचा? दीड महिन्यात?"

"माणूस सुखात पडला की पडूनच राहतो," सिस्टर म्हणाली आणि खिडकीचा पडदा सारखा करायला गेली.

दुपारचं जेवण वाढलं गेलं. मामा चमचा पुढं न्यायचा, माणूस तोंड उघडायचा. चमचा, तोंड. चमचा, तोंड. कुणी हात पुढं केला नाही, कुणी नको म्हटलं नाही. पत्ते खेळणाऱ्याचा उजवा हात चादरीवर ठेवल्यासारखा पडला होता.

शेवटून दुसऱ्या खाटेवर एक जुना बस कंडक्टर होता. तो येऊन बाराच दिवस झाले होते. त्यानं तपासनिसाला डोळ्यांनी जवळ बोलावलं.

"तुम्ही सरकारी ना?"

"हो. बोला, काही तक्रार?"

"तक्रार कसली... राजासारखं ठेवलंय." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "आलो तेव्हा मला बसता येत होतं. आता... आता बसावंसंच वाटत नाही."

"का? कोण काय करतं?"

"हात फार हलके आहेत हो," कंडक्टर म्हणाला. "नको म्हणवत नाही." मग म्हणाला, "ती शेजारची रिकामी खाट... तिथलं तिकीट फाडू नका कुणाचं."

पावणेदोन वाजले होते. तपासनिसानं बूट काढले आणि त्या रिकाम्या खाटेकडं वळला. सिस्टर आडवी आली.

"साहेब, एवढं नका करू."

"का?"

"दोनची वेळ झालीय."

"तेच बघायचंय मला. अठ्ठावीस वर्षांत एक खाट चुकवली नाही." तो आडवा झाला. त्यानं घंटीचं बटण दाबलं. घंटी वाजली नाही. तार तुटली होती, आणि तुटलेल्या टोकावर धूळ बसली होती. इथं कुणी कधी कुणाला बोलवतच नसावं.

सिस्टर आणि मामा बाहेर गेले. दार ओढून घेतलं गेलं. भर दुपार, खिडक्यांतून ऊन आलेलं, तरी खोली गार वाटायला लागली. ओल्या फडक्याचा, बाळाच्या पावडरीचा वास आला.

पहिल्या खाटेवरचं रेक्झिन चरचरलं. एक लांब निःश्वास. मग दुसऱ्या खाटेवरचं. मग तिसऱ्या. पावलं वाजत नव्हती. फक्त चर्र... आणि निःश्वास. चर्र... आणि निःश्वास. तपासनिसानं मान उचलून पाहिलं. मधल्या वाटेत कुणी नव्हतं. पण माणसं एकामागून एक भिंतीकडं वळत होती, खांदा आधी, मग कंबर, जसं शिकवतात अगदी तसं.

उठून बसावं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यात कंडक्टर वळला. वळताना त्याचे डोळे तपासनिसावर होते, आणि त्या डोळ्यांत पाणी होतं.

मग एक हात तपासनिसाच्या खांद्याखाली आला. दुसरा कमरेखाली. हात उबदार होते. त्याची आई गेल्यापासून त्याला असं कुणी हाताळलं नव्हतं. तो भिंतीकडं वळला. पाठीमागं उशी लागली, गुडघ्यांत छोटी उशी आली, कानाची पाळ मुडपली होती ती कुणीतरी सरळ केली.

त्याला कुणी बांधलं नव्हतं. त्याचं अंग लुळं पडलं नव्हतं. बोट हलवावं असं त्याला वाटलं आणि लगेच वाटलं, कशाला? घड्याळ बघावं. कशाला? समोर चुन्याची भिंत होती, आणि ती पुरेशी होती. धाकटा इथं सुखात राहील, हा विचार आला. मग धाकटा म्हणजे कोण, ते आठवायला वेळ लागला. आठवलं नाही तरी चालेल, असंही वाटलं.

त्याचे घोटे कुणीतरी धरले आणि तो धाडकन फरशीवर पडला. कोपर सोललं. ती कळ मस्तकात गेली तेव्हा कुठं त्याला हात असल्याचं कळलं.

"माफ करा साहेब," मामा धापा टाकत म्हणाला. "आपटल्याशिवाय सुटत नाही ते. चार वाजायला आले. दुसरी कूस झाली असती तर मला ओढता आलं नसतं."

तपासनीस भिंतीला धरून उभा राहिला. "हे काय आहे? तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही माणसं भरती करता?"

"घरचे आणून टाकतात," दारातून सिस्टर म्हणाली. "परत न्यायला कोण येतं? मागं इथं एक जण पडून पडून सडून मेला. तेव्हाही आम्ही दोघंच होतो. आमच्या हातून झालं नाही. तो गेला त्या दिवसापासून हे सुरू आहे. तो आहे का दुसरं कुणी, मला ठाऊक नाही. मी बघायला थांबत नाही. पण या पंधरा पाठी बघितल्यात ना? दुसरीकडं जाऊन बघा."

तपासनिसानं सगळं पाहिलं होतं. दुसरीकडच्या पाठीही पाहिल्या होत्या. त्यानं पेन काढलं. परवाना रद्द, पंधराही जणांना आठवड्याच्या आत हलवावं, असं लिहून त्यानं सही ठोकली. मग आतल्या खिशात हात घातला. अर्ज फाडून टाकायचा होता.

खिसा रिकामा होता.

खाटेखाली नव्हता. उशीखाली नव्हता. मामा त्याच्या तोंडाकडं बघत होता.

"काही पडलं का, साहेब?"

"नाही."

"तसं नाही, इथं एखादा कागद राहिला... कुणाचं नाव, पत्ता लिहिलेला... तर आत्ताच सांगा. शोधून जाळतो. मागं एकदा..."

तपासनीस तपासायला आला होता. त्याच्या खिशात भावाचा अर्ज होता, हे एका वॉर्डातल्या कामगारापुढं कबूल करायचं? त्याची मान ताठ झाली.

"माझा कसला कागद असणार इथं?" तो म्हणाला, आणि बूट घालून निघाला.

घरी पोचेपर्यंत सहा वाजले. वाटेत त्यानं सगळं ठरवून टाकलं होतं. न्हाणीत कठडे बसवायचे, उंच पाट करायचा, उचलायला माणूस ठेवायचा. धाकटा कुठंही जाणार नाही. बायको ओट्यापाशी उभी होती. त्यानं तिला तसं सांगितलं. तिचे डोळे भरून आले.

"कंबर कशी आहे?"

"आत्ताच आले डॉक्टरांकडून. दुपारी तीनला गेले होते, तिथं ही गर्दी. भाऊजी एकटेच होते घरी. आल्यापासून हाक नाही की टोमणा नाही, झोपलेत वाटतं. पाणी द्या त्यांना."

पाण्याचा पेला घेऊन तो आत गेला. धाकटा भिंतीकडं तोंड करून पडला होता. शेजारी अर्धी विणलेली खुर्ची, आणि टोपलीत सकाळी भिजवलेला वेत कोरडा पडून कडक झाला होता. भिजवलेला वेत धाकट्यानं आजवर कधी वाया घालवला नव्हता.

"धाकट्या, ऐक. कुठं जायचं नाही तुला. इथंच राहायचं."

"बरं," धाकटा म्हणाला. तो वळला नाही.

"वैतागलास का?"

"छे. बरं वाटतंय. वहिनीनं मघाशी काय छान कूस बदलून दिली. चारच्या सुमाराला. कंबर दुखत असून, बघ."

तपासनिसानं भावाला खांद्याला धरून आपल्याकडं वळवलं. चेहरा शांत होता. डोळे स्वच्छ होते. वीस-वीस शेर वेत ओढणारे ते दोन्ही हात चादरीवर सरळ ठेवलेले होते, तळवे वर.

"घे," तो म्हणाला. त्यानं पेला पुढं धरला. "धर, धाकट्या. स्वतः धर."

धाकट्यानं पेल्याकडं पाहिलं. मग दादाकडं पाहून तो गोड हसला, आणि त्यानं तोंड उघडलं.