उभ्या खाचा

सुट्टी म्हणजे नेमकं काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. स्वतःच्या घरात आराम करायचा सोडून दुसऱ्याच्या घरात आराम करायला जायचं, आणि वर त्याचं भाडं द्यायचं. पण जावयानं मोबाइलवर फोटो दाखवले. राखीव जंगलाच्या कुंपणाला लागून एकटंच घर, पुढं ओसरी, मागं ओसरी, शेजार नाही की पाजार नाही. "बाबा, तिथं पान पडलं तरी ऐकू येतं," तो म्हणाला. मी म्हटलं, पानं आमच्या पन्हळीतपण पडतात, मीच काढतो. बायकोनं डोळे वटारले तसा गप्प बसलो.

गप्प बसायचं खरं कारण पोरगी. तिनं आपणहून बोलावलं होतं.

माझा धंदा दारं-खिडक्या दुरुस्तीचा. बिजागरी, कडी, कुलूप, लागलंच तर नळाचा वायसर. आता हे हाडात मुरलेलं. कुठंही गेलो की आधी माणसं दिसत नाहीत, वाकडं लागलेलं दार दिसतं. पोरीच्या लग्नात ऐन वेळेला सगळे मला शोधत होते आणि मी हॉलच्या मागच्या दाराखाली आडवा पडलो होतो. ते दार घासत होतं, त्याला मी काय करू? मग तिनं नवीन घर घेतलं. पहिल्याच दिवशी चहा यायच्या आत मी न्हाणीचा नळ खोलला आणि पाणी खालच्यांच्या छतातून गळलं. तेव्हापासून तिच्या घरी जायचं म्हटलं की, "नको बाबा, आम्हीच येतो." दोन वर्षं झाली, त्या घराचा उंबरा मी पाहिलेला नाही. किल्ली दिलीये, ती तिच्या आईकडं. मला नाही.

तर ही सुट्टी म्हणजे माझी परीक्षा होती. हत्यारांची पिशवी घरी ठेवायची आणि तिथं कशालाही हात लावायचा नाही. पोरीनं चिमणीच्या डोक्यावर माझा हात ठेवून शपथ घ्यायला लावली. चिमणी म्हणजे माझी नात, दात पडायच्या वयाची. ती खुदुखुदु हसत होती, पोरगी हसत नव्हती. "बाबा, हे जमलं तर पुढचं बघू," एवढंच म्हणाली. पुढचं म्हणजे तिचं घर, हे कळायला मला शाळा लागत नाही.

घर फोटोत होतं तसंच निघालं, फक्त फोटोला ओलसर वास नसतो. राखणदार किल्ली घेऊन उभा होता. मिशीवाला, मोजकं बोलणारा. दिवस मावळला की कुंपणापलीकडं जाऊ नका म्हणाला आणि जंगलाच्या फाटकावरच्या आपल्या चौकीकडं निघून गेला.

आणि मग मी ते घर पाहिलं. अरे देवा. न्हाणीची कडी लावायची तर दार वर उचलायला लागायचं. स्वयंपाकघराचं दार फरशीवर असं घासायचं की कोणीतरी पोतं ओढतंय. खिडकीची झडप एका बिजागरीवर लोंबत होती, दुसरीचे स्क्रू भोकात नुसते नाचत होते. मी हात मांडीखाली घालून बसलो. पण शपथ हाताची होती, तोंडाची नव्हती. येता-जाता मी बोलत सुटलो. ही कडी बघा, नुसता कोयंडा खाली घ्यायचा. ही झडप बघा, भोकात काडी घातली की काम झालं. बायको म्हणाली, "अहो, माणसं जंगल बघायला येतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिमणी न्हाणीत गेली आणि आतून ओरडली, "आजोबा, कडी लागली!"

मी जाऊन पाहिलं. कोयंडा खाली घेतलेला. जुन्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली. आणि चारही स्क्रूंच्या खाचा उभ्या.

हे जरा सांगायला लागेल. स्क्रू पिळून झाला की त्याच्या डोक्यावरची खाच कशीही राहते, आडवी, तिरकी. आमचा उस्ताद ती उभीच ठेवायला लावायचा. उभ्या खाचेत धूळ बसत नाही, पाणी थांबत नाही. शेवटचा पीळ उभ्यावर आणून सोडायचा, आणि मग पेचकसाच्या मुठीनं चौकटीवर ठकठक करायचं, जरा थांबायचं, आणि आणखी एक ठोका. लाकूड नीट बसलं की नाही ते त्या शेवटच्या ठोक्याला कळतं. उस्तादाच्या हाताखाली मी एकटाच होतो. ही सवय दुसऱ्या कोणाची मी पाहिलेली नाही.

पोरगी माझ्या मागंच उभी होती. तिनंही खाचा पाहिल्या. लहानपणापासून पाहत आलीये ती.

"शपथ घेतली होती ना, बाबा?"

मी म्हटलं, अगं मी नाही केलं. कशानं करू, नखानं? बायकोनं माझी बॅग उलटी केली. कंगवा, गोळ्या आणि मफलर. जावयानं सगळं घर धुंडाळलं, त्याला एक बोथट सुरी सापडली. तो म्हणाला, बाबा झोपेत करत असतील. हा शिकलेला माणूस. मी म्हटलं, जावईबापू, झोपेत लांबी भरता येत असती तर मी आयुष्यभर झोपलो असतो.

त्या दिवशी आम्ही सगळे जीपमधून जंगलात गेलो. दिवसभर हाडं खिळखिळी झाली आणि दिसलं काय, तर एका हरणाचं बूड. पण माझ्या मनाला बरं वाटत होतं, कारण मी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. चिमणी तर माझ्या मांडीवरच होती.

संध्याकाळी उजेड असतानाच परत आलो. पोरीनं स्वयंपाकघराचं दार ढकललं आणि ते आवाज न करता उघडलं. लोण्यासारखं. खाली फरशीवर लाकडाचा भुसा, रंध्यातून निघतात तशा पातळ कुरळ्या पापुद्र्यांचा. ताजा. वास येत होता त्याला. खिडकीची झडपही सरळ उभी. खाचा उभ्या.

मी म्हटलं, बघ, मी तर तुझ्याबरोबर होतो.

पोरगी रडवेली झाली होती, पण आवाज चढवला नाही तिनं. "राखणदाराला सांगून करून घेतलंत. खाचा उभ्या ठेव, हेसुद्धा सांगितलंत. हात तुमचे नसतील बाबा, तोंड तर तुमचंच ना?"

बायको म्हणे, कबूल करून टाका, मोकळे व्हा. न केलेलं कबूल करा! मला इतका वैताग आला की जेवणावरची वासनाच उडाली. झडपेपाशी गेलो, म्हटलं बघू तरी कोण एवढा कारागीर आहे. बिजागरीच्या कडेनं भोकात सारलेली काडी किंचित बाहेर डोकावत होती. काडेपेटीतली काडी, गूल काढून टाकलेली. मीही तीच घालतो. दातानं तोडतो.

काडीचं टोक तिरकं तुटलेलं होतं.

माझा पुढचा दात अर्धा आहे. तरुणपणी दाराचा एक पल्ला तोंडावर पडला होता. मी तोडलेली काडी कायम अशीच तिरकी तुटते.

मी कोणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर तोही पुरावा माझ्याच विरुद्ध गेला असता.

मागच्या ओसरीवर जाऊन बसलो. ऊन झाडांच्या शेंड्यांवर उरलं होतं. आत भांड्यांचा आवाज, पोरगी आईशी हळू आवाजात बोलत होती, आणि त्यात "माझ्या घरी तर नकोच" एवढं मला स्पष्ट ऐकू आलं. भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, डोकंच फिरलं. दोन वर्षांनी जमून आलेलं कोणी फुकटचा येऊन मोडतो म्हणजे काय?

झाडांकडं तोंड करून मी म्हटलं, "अरे बाबा, जो कोण आहेस तो, एवढी हाताला खाज असेल तर माझ्या पोरीच्या घरी जा. तिथं न्हाणीचा नळ गळतोय, चिमणीच्या पलंगाचा पाय डुगडुगतोय, चिमणीच सांगते. मला कोणी येऊ देत नाही. तू जा."

पानसुद्धा हललं नाही.

मग ओसरीच्या खांबात, आतून, ठकठक झालं.

जरा थांबून, ठक.

मी उठून आत गेलो आणि कडी लावली. कडी छान लागली.

त्यानंतर त्या घरात काही झालं नाही. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणून पाहिलं, ही फळी सैल आहे, हा खिळा वर आलाय. सगळं आहे तसंच राहिलं. मला इतकं हलकं वाटलं की निघायच्या दिवशी दारांची तारीफसुद्धा केली.

राखणदार किल्ली घ्यायला आला. झडप उघडली, मिटली, खाचांवरून अंगठा फिरवला. मला विचारलं, तुमचा हात का? मी म्हटलं, नाही. तो पडद्यांकडं बोट दाखवून म्हणाला, मागं एक बाई आल्या होत्या, शिवणकाम करणाऱ्या. सुईला हात लावला नव्हता म्हणत होत्या. मी पडद्याची कड पाहिली. इतकी बारीक शिवण मी कपड्यालाही पाहिलेली नाही.

गाडी सुरू झाली तेव्हा तो खिडकीशी वाकला. "इथून कुणाला घरी बोलावलं नाहीत ना?"

"कोणाला बोलावणार?" मी म्हटलं. "इथं फोन तरी लागतो का?"

तो मागं सरकला.

परत आल्यावर पोरगी काही दिवस अबोलाच धरून होती. मग एका दुपारी तिचा फोन. म्हटलं, आता काय ऐकावं लागतंय. तर आवाज मऊ. "बाबा, नळ कधी दुरुस्त केलात? आईकडची किल्ली घेतलीत ना?" मी तोंड उघडलं, तोवर ती म्हणाली, "न सांगता आलात आणि गुपचूप करून गेलात. पाण्याचा एक थेंब सांडला नाही. बरं वाटलं मला."

किल्ली आमच्या खुंटीवरच होती. मी तिच्याकडं बघत बसलो.

सांगायला हवं होतं. पण पोरगी माझ्याशी अशी शेवटची कधी बोलली होती, ते मला आठवेना. मी नुसतं हं म्हटलं.

मग कपाटाचं दार झालं. मग बाल्कनीची कडी. दर वेळी तिचा फोन, दर वेळी मी हं. रोज बोलायला लागली. बायको खूश झाली, म्हणाली, सुट्टी लाभली हो तुम्हाला. आणि आमच्या स्वतःच्या न्हाणीचा नळ टपटप गळतोय, तो मला हात लावायला सुचत नाही, यावरून रोज टोमणे.

परवा दुपारी मी हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन पेचकस पुसत होतो. बायको समोर पेंगत होती. फोन वाजला.

"बाबा, काय हे," पोरगी हसत म्हणाली. "आज सापडलात. आता बाहेर या, चहा ठेवलाय."

"कुठं बाहेर येऊ?"

"नाटकं पुरे. चिमणीच्या खोलीचं दार लावून बसलायत, मला काय कळत नाही? आवाज येतोय ठोकण्याचा."

मी म्हटलं, अगं, मी इथं आहे. घरी आहे. तुझी आई समोर आहे.

ती फोन घेऊन चालत गेली असावी, कारण दाराजवळचा आवाज आला.

ठकठक.

जरा थांबून, ठक.

दारापलीकडून चिमणीनं विचारलं, "झालं का, आजोबा?"

आणि उत्तर देण्याआधी मी खाकरतो ना, अगदी तस्सं कोणीतरी खाकरलं.